गाणाऱ्यांच्या गांवीं

परदेशगमनाची हौस मला कधींच नव्हती. पुण्यांतील चार खोल्या, गॅलरींतील तुळस, आणि रविवारीं सायंकाळीं साडेसहा वाजतां दूरदेशीं असलेल्या मुलीशीं होणारें बोलणें, एवढ्यांत माझा संसार मावत आला होता. मुलगी एस्टोनियाची राजधानी तालिन येथें राहते. हा देश नकाशांत शोधावयास मला पहिल्यानें भिंग घ्यावें लागलें, हें सांगावयास संकोच वाटत नाहीं. बाल्टिक समुद्राच्या कांठीं, रशियाला खेटून असलेल्या त्या साऱ्या देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आंत आहे. म्हणजे आमच्या एकट्या पुणें शहराच्या निम्म्याहूनही कमी.

आमचें तें रविवारचें बोलणें स्काइप ह्या साधनानें होई. योगायोग असा कीं, तें साधन तालिन शहरांतच घडलें. मालक एक स्वीडिश व एक डॅनिश गृहस्थ. परंतु आंतली सारी जुळणी करणारे तरुण एस्टोनियन. सन २००३ मध्यें तें जगापुढें आलें, आणि घरोघरच्या म्हाताऱ्या आईबापांना समुद्रापलीकडच्या मुलांचीं तोंडें दिसूं लागलीं. "ज्या गांवानें आपली मुलगी नेली, त्याच गांवानें तिचें तोंड पाहण्याची सोय करून दिली, हिशेब फिटला," असें माझे यजमान म्हणत. मला तो हिशेब कधीं पटला नाहीं.

यजमानांना गाण्याचा नाद. नात सहा वर्षांची झाली तशी त्यांनीं दर रविवारीं पेटी पुढें घेऊन तिला भूप शिकवावयास आरंभ केला. पांचच स्वरांचा राग, मध्यम-निषाद वर्ज्य, मुलांना सोपा. अडचण होती ती कालाची. इकडून गेलेला स्वर तिकडे पोंचून तिचें उत्तर येईपर्यंत थोडा वेळ जाई, आणि इकडे सम पडली तर तिकडे ती चुकलेलीच असे. शेवटीं त्यांनीं ताल सोडला. एक ओळ ते म्हणत, मग थांबत. मग ती म्हणे. असें तीन वर्षें चाललें. सन २०२२ च्या पावसाळ्यांत ते गेले.

५ मे २०२५ रोजीं स्काइप कायमचें बंद झालें. मुलीनें अगोदरच दुसऱ्या साधनाची व्यवस्था करून ठेविली होती, आणि त्यांत चित्र अधिक स्वच्छ दिसतें, हेंही खरें. तरी बंद होण्याच्या आदल्या रात्रीं मी ती जुनी यादी उघडून बसलें. यजमानांच्या धड्यांपैकीं एकही सूर कोठें राहिलेला नव्हता. प्रत्येक रविवारापुढें केवळ एक तारीख आणि किती मिनिटें बोलणें झालें त्याचा आंकडा. सत्तेचाळीस मिनिटें. बावन्न मिनिटें. एके ठिकाणीं नुसतीं चार मिनिटें. त्या दिवशीं वीज गेली होती. त्याच आठवड्यांत मुलीचा निरोप आला कीं, नात जुलै महिन्यांतील गानोत्सवांत बालवृंदांत गाणार आहे, तेव्हां आई, ह्या वेळीं 'पाहूं' म्हणूं नकोस. मीं 'येतें' म्हटलें.

हेलसिंकीपर्यंत विमान आणि तेथून सुमारें ऐंशी किलोमीटरांचें आखात ओलांडणारी आगबोट, असा माझा मार्ग होता. दोन तासांत तालिनचे मनोरे दिसूं लागतात. जुन्या शहराचा तट, लाल टोप्यांचे बुरूज, दगडी गल्ल्या, ह्यांचें वर्णन प्रवाशांच्या पुस्तकांत यथेच्छ आहे. तें मी पुन्हां करीत नाहीं. मला अधिक नवल वाटलें तें उजेडाचें. जुलैच्या आरंभीं तेथें सूर्य रात्रीं साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहांटे चारनंतर लगेच उगवतो. दिवेलागणीस 'शुभं करोति' म्हणावयाचें, तर दिवेलागण होईपर्यंत नात झोपून गेलेली असे.

मुलीचें बिऱ्हाड काद्रिओर्ग उद्यानाजवळच्या एका तीन मजली लांकडी घरांत आहे. वरच्या मजल्यावर पंचाहत्तरीच्या एक एस्टोनियन बाई राहतात. तळमजल्यावर त्यांच्याहून दहा वर्षांनीं लहान अशा एक रशियन बोलणाऱ्या बाई. नात पहिल्या बाईंना 'वानाएमा' म्हणते व दुसऱ्या बाईंना 'बाबुश्का'. दोन्हींचा अर्थ आजीच. मी आल्यावर घरांत तीन आज्या झाल्या, आणि तिघींना मिळून समजणारी भाषा एकही नव्हती. दुभाष्याचें काम त्या बारा वर्षांच्या पोरीकडे आलें.

आमची ओळख झाली ती स्वयंपाकघरांतून. एस्टोनियन भाषेंत पावाला दोन निराळे शब्द आहेत. 'साइ' म्हणजे गव्हाचा पांढरा पाव. 'लेइब' म्हणजे राय नांवाच्या धान्याचा काळा, आंबट पाव. आपल्याकडे पोळी आणि भाकरी ह्यांत जो भेद, तसाच हा. जेवणाऱ्याला ते 'यात्कु लेइबा' म्हणतात, म्हणजे 'तुझी भाकरी पुरून उरो.' आपल्या 'अन्नदाता सुखी भव' ह्या आशीर्वादाची ही दूरदेशींची बहीण. भाकरीचा तुकडा खालीं पडला तर उचलून त्याचें चुंबन घ्यावें, अशी जुन्या लोकांची रीत होती. अन्नाला पाय लावूं नये, पान ओलांडूं नये, असें ज्या घरांत शिकविलें जातें, तेथील बाईला ही रीत समजावून सांगावी लागली नाहीं. त्यांचा 'कामा' नांवाचा पदार्थ पाहून तर मी हंसलेंच. जव, राय, ओट आणि वाटाणे भाजून, दळून केलेलें पीठ. तें ताकांत किंवा दह्यांत कालवून खावयाचें. आमचें सातूचें पीठ ह्याहून कितीसें निराळें?

वरच्या आजीबाई दर शुक्रवारीं काळा पाव करितात. एका शुक्रवारीं त्यांनीं मला मुद्दाम वर बोलाविलें. आदल्या रात्रीं त्यांनीं फडताळांतील बरणी काढून तींतलें आंबवण रायच्या पिठांत कोमट पाणी घालून कालवून ठेविलें होतें. सकाळीं तें फुगून बुडबुड्यांनीं भरलें होतें, आणि त्याला ताकासारखा आंबूस वास येत होता. ह्या पिठाला गव्हासारखी तार नाहीं. तें मळतां येत नाहीं, चिखलाप्रमाणें लांकडी डावानें ढवळावें लागतें. मीठ, थोडें शहाजिरें, आणि पुन्हां पीठ. साच्यांत घालून ओल्या हातानें वरून सारवल्यासारखें करावयाचें, दोनतीन तास फुगूं द्यावयाचें, मग सुमारें तासभर भट्टींत. पाव बाहेर आला तरी लगेच कापावयाचा नाहीं. दुसऱ्या दिवसापर्यंत फडक्यांत गुंडाळून ठेवावयाचा. आणि मीठ पडण्यापूर्वीं एक गोष्ट विसरावयाची नाहीं: कालविलेल्या पिठांतलें मूठभर काढून बरणींत परत ठेवावयाचें. पूर्वीं काथवटीला चिकटलेलें पीठ मुद्दाम धूत नसत. तेंच पुढच्या वेळचें विरजण.

मीं नातीकरवीं विचारलें, "हें आंबवण किती पिढ्यांचें?" एखादी जुनी, करुण कथा ऐकण्याची माझ्या मनाची तयारी होती, कारण आजीबाईंचा जन्म सैबेरियांत झाला, हें मुलीनें मला सांगितलें होतें. सन १९४९ च्या मार्च महिन्यांत सोव्हिएत सत्तेनें वीस हजारांहून अधिक एस्टोनियन माणसें, बहुतेक बायका, मुलें आणि म्हातारीं, आगगाड्यांत भरून सैबेरियास पाठविलीं. त्यांत त्यांची आई होती. परंतु आजीबाई शांतपणें म्हणाल्या, "चार वर्षांचें. माझें मरून गेलें. मी दोन महिने इस्पितळांत होतें, तेव्हां बरणीला कोणी पीठ घातलें नाहीं. खालच्या बाईला मीं पूर्वीं थोडें दिलें होतें. तिच्याकडून परत आणलें."

विरजण संपलें म्हणून वाटी घेऊन शेजारणीकडे जाणें मीं आयुष्यभर केलें आहे, आणि तशी वाटी माझ्याही दाराशीं आली आहे. त्यांत विशेष तें काय, असें त्या क्षणीं वाटलें. विशेष काय, तें मला पुढच्या आठवड्यांत कळलें.

खालच्या बाई लहानपणीं, १९७० नंतर, वडिलांच्या नोकरीमुळें तालिनला आल्या. सन १९९१ मध्यें देश पुन्हां स्वतंत्र झाल्यावर १९४० पूर्वींचे नागरिक व त्यांचे वंशज तेवढे आपोआप नागरिक ठरले. इतरांना भाषेची परीक्षा देणें आलें. पुष्कळ रशियन भाषक कोणत्याच देशाचे नागरिक न होतां तसेच राहिले. कांहींनीं रशियाचा पासपोर्ट घेतला. ह्या बाईंनीं तो घेतला, कारण त्यांची आजारी मावशी सीमेपलीकडे होती. तरी शहराच्या निवडणुकींत त्यांना मत होतें. रशियानें २०२२ मध्यें युक्रेनवर मोठी चढाई केली आणि एस्टोनियाचें मन पालटलें. मार्च २०२५ मध्यें घटना दुरुस्त करून रशियन नागरिकांचें तें मतही काढून घेण्यांत आलें.

वरच्या आजीबाई ह्या दुरुस्तीच्या बाजूच्या. तेथें मतदान कसें होतें, तें त्यांनींच मला दाखविलें. २००५ पासून ह्या देशांत इंटरनेटवरून मत देतां येतें, आणि २०२३ च्या पार्लमेंटच्या निवडणुकींत निम्म्याहून अधिक मतें अशींच पडलीं. ओळखपत्र यंत्रांत घालावयाचें, आपले गुप्त अंक द्यावयाचे, कीं झालें. मुदत संपेपर्यंत मत बदलतांही येतें. शेवटचें तेवढें धरतात. "पाव भट्टींत असतो तेव्हां मी मत देऊन घेतें," असें त्या अभिमानानें म्हणाल्या. मग जमिनीकडे बोट दाखवून हलक्या आवाजांत म्हणाल्या, "तिच्याविषयीं माझें कांहीं म्हणणें नाहीं. तिच्या पासपोर्टाविषयीं आहे."

हें वाक्य खालीं पोंचलेलें असावें. खालच्या बाईंनीं मला एकदां चहाला बोलाविलें होतें, तेव्हां त्या म्हणाल्या, "आंबवण मागावयास ती माझ्या दाराशीं आली. मत मागावयास आतां कोणी येणार नाहीं." हें सांगतांना नातीचें भाषांतर मध्येंच अडखळलें. मुलांच्या तोंडून मोठ्यांचें दुःख ऐकूं नये, असें मला फार वाटलें.

ज्या देशीं मी पाहुणी, तेथील निवाडा मीं करावा, हा माझा अधिकार नव्हे. सैबेरियांत जन्मलेल्या बाईला भय कां वाटतें, तें मी समजूं शकतें. अर्धें शतक ज्या गांवांत काढलें तेथें आपला कौल कोणी विचारणार नाहीं, ह्यांतला अपमानही मला दिसतो. मीं डोळ्यांनीं पाहिलें तें एवढेंच: जिन्यांत भेटल्यावर त्या दोघी एखादा शब्द बोलून बाजूला होत. पूर्वीं अर्धा अर्धा तास उभ्या राहत, असें मुलगी म्हणाली. तरीही शनिवारीं सकाळीं खालच्या दाराशीं फडक्यांत गुंडाळलेला अर्धा पाव ठेविलेला असे, आणि सोमवारीं तें फडकें धुवून, घडी घालून वर जाई.

आतां ज्यासाठीं मी गेलें होतें त्या गानोत्सवाकडे वळतें. हा ह्या राष्ट्राचा पंढरीचा सोहळाच म्हणावा. फरक इतकाच कीं, तो साधारणपणें पांच वर्षांनीं येतो. पहिला उत्सव तार्तू नगरांत सन १८६९ मध्यें झाला. त्या काळीं जमीन जर्मन जमीनदारांची, राज्य रशियाच्या झारचें, आणि एस्टोनियन ही केवळ शेतकऱ्यांची बोली. अशा बोलींत हजारों लोकांपुढें एकत्र गाणें, हेंच एक धाडस होतें. त्या पहिल्या उत्सवांत गाणारे वृंद सर्व पुरुषांचे, बायकांनीं ऐकावयाचें. परंतु त्यांनीं गायिलेल्या मातृभूमीवरील एका गीताचे शब्द लिदिया कोइदुला ह्या पंचवीस वर्षांच्या तरुणीचे होते! पुढें १९४४ मध्यें गुस्ताव एर्नेसाक्स ह्यांनीं त्या शब्दांना नवी चाल दिली. १९४७ च्या उत्सवांत तें गीत गायिलें गेलें; नंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनीं तें गाळलें; १९६० मध्यें लोकांनीं तें आपणहून म्हटलें. पुढें तें परत आलें तें कायमचेंच.

सन १९८८ च्या उन्हाळ्यांत तर लोक रात्रीमागून रात्रीं त्याच मैदानावर गात राहिले, आणि ११ सप्टेंबरला तेथें सुमारें तीन लाख लोक जमले, असें सांगतात. पुढच्या वर्षीं २३ ऑगस्टला तालिनपासून रिगामार्गें विल्नियसपर्यंत सहाशें किलोमीटरांहून लांब अशी माणसांची सांखळी हातांत हात धरून उभी राहिली. वरच्या आजीबाई तींत होत्या. ऑगस्ट १९९१ मध्यें देश स्वतंत्र झाला. बेचाळीस सालच्या प्रभातफेऱ्यांची किंवा गणेशोत्सवांतील मेळ्यांची हकीकत ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना गाण्याचें हें सामर्थ्य परकें वाटणार नाहीं.

शनिवारीं, ५ जुलैस, मिरवणूक निघाली ती धोधो पावसांत. भर शहरांतील स्वातंत्र्य चौकापासून समुद्राकांठच्या गानांगणापर्यंत पांच किलोमीटरांची वाट. गांवोगांवचे वृंद, डोक्यावर फुलांचे मुकुट, पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी घागरे, आणि त्यांवर पारदर्शक रेनकोट. दुसऱ्या दिवशीं रविवारीं मुख्य गायन, आणि त्याच दिवशीं आपली आषाढी एकादशी! इकडे वारकरी पंढरीस पोंचले असतील, आणि मी ह्या परक्या दिंडींत उभी, असें मनांत आलें. माझा उपास होता. वरच्या आजीबाईंनीं डब्यांतून काढलेला पाव मीं नाकारला, तेव्हां त्यांचें तोंड उतरलें. उपास म्हणजे काय, तें नातीनें आदल्या दिवशींच शिकवून ठेविलें होतें म्हणून बरें. त्यांनीं मुकाट्यानें उकडलेले बटाटे आणि स्ट्रॉबेरी माझ्यापुढें केल्या.

त्या वर्षीं उत्सवाचा भर बोलीभाषांवर आणि लोकगीतांवर होता. त्यांच्या जुन्या लोकगीतांची रीत अशी कीं, पुढें एकजण ओळ म्हणते आणि मागच्या साऱ्या ती उचलून धरितात. भोंडल्याचा फेर ज्यांनीं धरला आहे त्यांना हें सांगावयास नको. सन १८८८ मध्यें याकोब हुर्ट नांवाच्या पंडितांनीं आवाहन केलें, आणि खेड्यापाड्यांतील लोकांनीं लाखाहून अधिक पानें भरतील इतकीं गाणीं व गोष्टी लिहून त्यांना पाठविल्या. साने गुरुजींनीं आपल्या बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केलें, त्याचें मला स्मरण झालें.

मोठ्या कमानीखालीं हजारों मुलें एकदम उभीं राहिलीं. त्यांत आमची कोणती, तें दिसेना. तिचा आवाज तरी ओळखूं येईल, अशी एक वेडी आशा मला होती. तोही आला नाहीं. शेवटीं तें मातृभूमीचें गीत सुरू झालें, सारें मैदान उठून उभें राहिलें, आणि वरच्या आजीबाईंनीं माझ्याकडे न पाहतांच माझा हात धरिला. खालच्या बाई आल्या नव्हत्या. नातीच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट मात्र आदल्या रात्रीं त्यांनींच गुंफला होता.

मी निघण्याच्या आदल्या सायंकाळीं नात ओट्यापाशीं उभी होती. मीं तिला सहज म्हटलें, "आजोबांनीं शिकविलेला भूप आठवतो का ग?" तिनें लगेच सुरू केलें. स्वर सच्चे होते. पण एक ओळ म्हटली कीं ती थांबे, मग दुसरी, पुन्हां थांबे. प्रथम मला वाटलें, पोर विसरली. मग मीं विचारलें, "मध्यें अशी थांबतेस कां?"

ती म्हणाली, "असंच असतं ना, आजी? आजोबांकडे जाऊन यायला वेळ लागतो."

मला कांहीं बोलतां आलें नाहीं. त्या यादींत नुसते मिनिटांचे आंकडे होते. ती मधली वाट पाहणी ह्या पोरीनें रागाचा भाग म्हणून संभाळून ठेविली होती.

निघतांना वरच्या आजीबाईंनीं आंबवणाचा पातळ थर कागदावर वाळवून, कुसकरून एका पुडींत बांधून दिला. पुण्यांत तें भिजवून जागें केलें. तिकडे बारा तासांत फुगतें तें इकडच्या उकाड्यांत चार तासांतच उतूं गेलें, आणि पहिला पाव तर विटेला लाजवील असा झाला. दुसरा खातां आला. आतां जमूं लागलें आहे. बरणींतलें निम्में मीं शेजारच्या वहिनींकडे ठेवावयास दिलें आहे. माझें मेलें तर त्यांच्याकडे असावें म्हणून.

रविवारीं साडेसहा वाजतां मी पेटी पुढें घेऊन बसतें. मला गाणें येत नाहीं. यजमानांच्या मागें बसून पांच स्वर धरावयास शिकलें, तेवढेंच. नवें साधन पुष्कळ जलद आहे. तरी नात एक ओळ म्हणून थांबते. मग मी स्वर धरितें, आणि मीही थांबतें.